इलेक्ट्रॉनची तरंगलांबी मोजायची कशी: आधी कागदावर, मग काचेच्या नळीत

प्रयोगशाळेतले दिवे मालवले की पहिली दोन मिनिटं कुणालाच काही दिसत नाही. मग कुणीतरी म्हणतं, "मॅडम, मध्ये नुसता हिरवा ठिपका आहे." मी म्हणते, थांबा. डोळे अंधाराला सरावतात, मी इलेक्ट्रॉनच्या नळीचं व्होल्टेजचं बटण हळूहळू फिरवत नेते, आणि पडद्यावर ठिपक्याभोवती दोन फिकट हिरवी वलयं उमटतात. एक आत, एक बाहेर. एवढंच. पण ती वलयं इलेक्ट्रॉन नुसते कण असते तर उमटली नसती. कण म्हटला की तो सरळ तरी जाईल नाहीतर इकडेतिकडे विखुरला जाईल. ठरावीक कोनातच जाईन आणि मधल्या कोनात जाणार नाही, हा हट्ट तरंगाचा.

हा प्रयोग मी बरीच वर्षं मुलांकडून करून घेते. सूत्र सगळ्यांना पाठ असतं. तरंगलांबी काढा म्हटलं की काढतात, खाली दोन रेघाही मारतात. "बरं, आली तरंगलांबी. आता हिच्यासमोर काय ठेवणार?" असं विचारलं की वर्ग गप्प. तरंगलांबीचा नुसता आकडा मुका असतो. तिच्यासमोर किती रुंदीची फट आहे हे कळलं की तो बोलायला लागतो. पुढचं सगळं त्या एका प्रश्नाभोवती आहे, म्हणून नळीला हात लावण्याआधी कागद-पेन घ्या.

कागदावर

लुई डी ब्रॉग्ली यांनी १९२४ साली डॉक्टरेटच्या प्रबंधात मांडलेलं नातं एका ओळीचं आहे: तरंगलांबी म्हणजे प्लँकचा स्थिरांक भागिले संवेग (वस्तुमान गुणिले वेग). (आपली पुस्तकं ब्रॉग्ली छापतात, फ्रेंच माणूस साधारण ब्रॉय म्हणतो. यावर वर्गात दहा मिनिटं घालवू नका.) प्लँकचा स्थिरांक ज्यूल-सेकंदांत घेतला, वस्तुमान किलोग्रॅममध्ये घेतलं, की दहाच्या उणे घातांची जत्रा भरते आणि एखादा घात हमखास हरवतो. मी मुलांना दुसरी वाट दाखवते. सगळं इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये करा. तीन आकडे पुरतात:

इलेक्ट्रॉनचं वस्तुमान, ऊर्जेच्या भाषेत: ५,११,००० इलेक्ट्रॉन-व्होल्ट.
प्लँकचा स्थिरांक गुणिले प्रकाशाचा वेग: १२४० इलेक्ट्रॉन-व्होल्ट-नॅनोमीटर.
आणि इलेक्ट्रॉनची गतिज ऊर्जा. ५४ व्होल्टने त्वरित केला असेल तर ५४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, इतकं सोपं.

वस्तुमानाची दुप्पट करा, तिला गतिज ऊर्जेने गुणा, वर्गमूळ काढा, आणि त्याने १२४० ला भागा. ५४ व्होल्टसाठी: १०,२२,००० गुणिले ५४ म्हणजे ५,५१,८८,०००. वर्गमूळ ७,४२९ च्या आसपास. १२४० भागिले ७,४२९, उत्तर ०.१६७ नॅनोमीटर. हे एकदा हाताने करा. नंतर मग १.२२६ भागिले व्होल्टेजचं वर्गमूळ, हा शॉर्टकट खुशाल वापरा. तो याच गणितातून येतो आणि उत्तर नॅनोमीटरमध्येच देतो. मात्र तो फक्त इलेक्ट्रॉनचा आहे. प्रोटॉनला लावलात तर फसलात.

इथली ठरलेली चूक सांगते, कारण दर वर्षी निम्म्या जर्नलमध्ये ती असते. फोटॉनसाठी, म्हणजे प्रकाशाच्या कणासाठी, १२४० ला सरळ ऊर्जेने भागलं की तरंगलांबी मिळते. सवयीने तेच इलेक्ट्रॉनला करतात. १२४० भागिले ५४, म्हणजे २३ नॅनोमीटर. खऱ्या उत्तराच्या सुमारे १३७ पट! (भौतिकशास्त्रात १३७ हा आकडा एका प्रसिद्ध स्थिरांकाशी जोडलेला आहे, म्हणून तो दिसला की काही जणांचे कान टवकारतात. इथे तो ५४ हा आकडा निवडल्यामुळे आलाय, उगाच हरखू नका.) फोटॉनला वस्तुमान नाही, म्हणून त्याची ऊर्जा संवेगाच्या सरळ प्रमाणात असते. इलेक्ट्रॉनची गतिज ऊर्जा संवेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. दोघांना एकाच मापाने मोजायचं नाही.

सापेक्षतेची दुरुस्ती (वेग प्रकाशाच्या वेगाच्या जवळ जाऊ लागला की लागणारी) करायची का? ५ किलोव्होल्टपर्यंत पाव टक्क्याचा फरक पडतो. तुमच्या मोजपट्टीची चूक त्याच्या दसपट असते, तेव्हा सोडून द्या. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या १०० किलोव्होल्टला मात्र सोडता येत नाही: शॉर्टकट ३.८८ पिकोमीटर सांगतो, खरी तरंगलांबी ३.७० असते.

समोर काय ठेवणार?

०.१६७ नॅनोमीटर म्हणजे साधारण एका अणूएवढं अंतर. इतकी बारीक फट कापून कोण देणार? निसर्ग देतो. स्फटिकात अणूंच्या ओळी नेमक्या याच अंतरांवर रचलेल्या असतात.

अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत क्लिंटन डेव्हिसन आणि लेस्टर जर्मर निकेलवर इलेक्ट्रॉन मारून ते कसे परततात हे पाहत होते. तरंग वगैरे शोधण्याचा काही बेत नव्हता. १९२५ साली द्रवरूप हवेची बाटली फुटली, निर्वात नळी तडकली, तापलेल्या निकेलवर ऑक्साइड चढलं. ते काढायला निकेल पुष्कळ वेळ तापवलं, आणि त्यात असंख्य बारक्या स्फटिकांच्या जागी मोजके मोठे स्फटिक तयार झाले. पुन्हा मोजलं तर चित्रच बदललेलं. १९२७ पर्यंत त्यांनी मुद्दाम एकच स्फटिक घेऊन मोजणी केली: ५४ व्होल्टला, ५० अंशांच्या कोनात, इलेक्ट्रॉनांचा ठसठशीत उंचवटा.

आता पेन पुन्हा उचला. त्या निकेलच्या पृष्ठभागावर अणूंच्या ओळींतलं अंतर ०.२१५ नॅनोमीटर. ५० अंशांची साइन ०.७६६. गुणाकार ०.१६५. मघाशी काढलेलं उत्तर ०.१६७ होतं. एक आकडा व्होल्टेजवरून आला, दुसरा कोनावरून. दोघांची वाट पूर्णपणे वेगळी. मला विचाराल तर या विषयाचा सगळा भरवसा या दोन आकड्यांच्या जवळिकीत आहे, "कण की तरंग" या गूढ चर्चेत नाही.

त्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनला जॉर्ज थॉमसन आणि अलेक्झांडर रीड यांनी परतणारे इलेक्ट्रॉन न पाहता पातळ पापुद्र्यातून आरपार गेलेले पाहिले, आणि त्यांना वलयं मिळाली. डेव्हिसन आणि थॉमसन यांना १९३७ चं नोबेल विभागून मिळालं. जॉर्ज हे जे. जे. थॉमसन यांचे चिरंजीव. वडिलांनी कण शोधला आणि मुलाने तरंग, ही गोष्ट सगळेच सांगतात, मी सोडून देते. आपली नळी ही त्या पापुद्र्याच्या प्रयोगाची थेट वारसदार.

नळी

काचेचा फुगा, आत निर्वात. मानेच्या टोकाला फिलामेंट, पुढे ॲनोड, ॲनोडच्या तोंडाशी तांब्याच्या बारीक जाळीवर ग्रॅफाइटचा अतिशय पातळ थर, आणि समोर फुग्याच्या आतल्या बाजूला चमकणारा लेप. आमच्या नळीत ग्रॅफाइटपासून पडद्यापर्यंत १३५ मिलिमीटर. तुमच्या नळीच्या माहितीपत्रकात हा आकडा वेगळा असेल तर तोच घ्या.

जोडणी करताना उच्च व्होल्टेजचं बटण शून्यावर आहे हे स्वतः बघा, दुसऱ्याच्या "हो, आहे" वर जाऊ नका. फिलामेंट सुरू करा आणि पूर्ण एक मिनिट काही करू नका. मग व्होल्टेज हळूहळू चढवा. दोन किलोव्होल्टच्या खाली बहुधा ठिपक्याशिवाय काही दिसत नाही. अडीचपासून पुढे वलयं धरायला लागतात. एक डोळा पडद्यावर, दुसरा ॲनोडच्या करंटवर. आमच्या नळीची मर्यादा ०.२ मिलिॲम्पियर आहे. आणि ग्रॅफाइटची जागा लालसर दिसू लागली तर त्याच क्षणी व्होल्टेज खाली.

हे इतकं ठासून सांगते कारण मी स्वतः एक थर जाळलेला आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी. साडेचार किलोव्होल्टवर वलयं इतकी सुरेख आली होती की मी बटण तसंच ठेवून मुलांना ब्रॅगचा नियम (अणूंच्या ओळींतलं अंतर, तरंगलांबी आणि कोन यांचं नातं) समजवत बसले. पंचवीस मिनिटं झोत एकाच जागी. पुढच्या तुकडीला बाहेरचं वलय एका बाजूने पुसटच दिसलं, आणि आठवड्याभरात मधला ठिपका झगझगीत आणि वलयं जवळजवळ गायब: थराला भोक पडलं होतं, इलेक्ट्रॉन सरळ आरपार. नोंदवहीत त्या तारखेसमोर माझ्याच अक्षरात "नळी उत्तम" असं लिहिलेलं आहे. तेव्हापासून नियम केलाय: वाचन घ्या, व्होल्टेज उतरवा, मग बोला. वलयं पुसट वाटली तर मानेवरचं छोटं चुंबक जरासं सरकवून झोत थराच्या दुसऱ्या, ताज्या भागावर न्या. अजून नळी टाकून द्यायची वेळ आलेली नसते.

मोजण्याआधी पैज लावा

व्होल्टेज वाढवलं तर वलय मोठं होईल की लहान? बटण फिरवण्याआधी प्रत्येकाकडून कागदावर लिहून घ्या. बहुतेक जण "मोठं" लिहितात. जोरात आलेला इलेक्ट्रॉन जास्त उसळेल, असं मनात चित्र असतं. प्रत्यक्षात वलयं आत सरकतात. वेग वाढला, संवेग वाढला, तरंगलांबी घटली, म्हणून कोन घटला. चेंडूच्या उसळीचं चित्र डोक्यातून जायला मला या एका पैजेइतकं दुसरं काही उपयोगी पडलेलं नाही.

मोजायला प्लास्टिकचा कॅलिपर घ्या, धातूचा नको. वलय ही रेघ नसते, पट्टा असतो, आणि आतून मोजायचं की बाहेरून यावर भांडणं होतात. दोन्ही मोजा, सरासरी घ्या. आडवा व्यास एकदा, उभा एकदा. डोळा नळीच्या बरोबर समोर ठेवा.

गणित: स्फटिकातलं अंतर गुणिले वलयाचा व्यास, भागिले ग्रॅफाइट ते पडदा या अंतराची दुप्पट. ब्रॅगच्या नियमातून लहान कोनांसाठी हे सरळ निघतं. आतल्या वलयासाठी ग्रॅफाइटमधलं अंतर ०.२१३ नॅनोमीटर, बाहेरच्यासाठी ०.१२३.

माझ्या वहीतल्या एका दुपारच्या नोंदी देते. ३ किलोव्होल्टला आतलं वलय २८.५ मिलिमीटर, बाहेरचं ४८. चारला २५ आणि ४२. पाचला २२ आणि ३८. चारची ओळ घ्या: ०.२१३ गुणिले २५, भागिले २७०, उत्तर ०.०१९७ नॅनोमीटर. शॉर्टकटने ४००० चं वर्गमूळ ६३.२, म्हणजे ०.०१९४. दीड-दोन टक्क्यांचा फरक. अंधारात, प्लास्टिकच्या कॅलिपरने, हिरव्या धुरकट पट्ट्यावर!

आता बाहेरच्या आणि आतल्या व्यासाचं गुणोत्तर पाहा. ग्रॅफाइटची षट्कोनी रचना १.७३ सांगते, म्हणजे तीनचं वर्गमूळ. ४२ भागिले २५ म्हणजे १.६८. बाहेरचं वलय सतत थोडं लहान भरतं, आणि कमी व्होल्टेजला जास्तच. ही मोजणाऱ्याची चूक नाही. पडदा सपाट नसून फुग्यासारखा वळलेला आहे, आणि वलय जितकं मोठं तितका पडदा ग्रॅफाइटच्या जवळ आलेला असतो. म्हणून शंका आली तर आतल्या वलयावर विश्वास ठेवा. काही मुलं १.७३ येईपर्यंत आकडे "सुधारतात". मला ते लगेच कळतं, कारण ही नळी प्रत्येक वाचनाला १.७३ देत नाही.

एकाच वाचनावर थांबू नका. अडीच, तीन, साडेतीन असं पाचपर्यंत जा आणि व्यासाचा आलेख व्होल्टेजच्या वर्गमूळाच्या व्यस्तासमोर काढा. सरळ रेघ आली पाहिजे. अडीचच्या दुप्पट पाच, तर व्यास १.४१ पटीने घटायला हवा: आमच्याकडे ३१ वरून २२ वर आला.

एक चाचणी आलेखापेक्षा मला जास्त आवडते. साधं पट्टी-चुंबक नळीच्या बाजूला आणा. ठिपका सरकतो आणि त्याच्यासोबत वलयंही सरकतात, अख्खं चित्रच. कुणी म्हणालं, "ही वलयं आत तयार झालेल्या प्रकाशाची किंवा क्ष-किरणांची असतील", तर हे उत्तर. प्रकाश चुंबकाला जुमानत नाही. वलय काढणारी चीज विद्युतभारित आहे.

ठिपके न येता वलयंच का येतात, हे समजायला नळी लागत नाही. बारीक विणीचं कापड डोळ्यासमोर ताणून दूरच्या एका लहान दिव्याकडे पाहा. दिव्याभोवती अधिक चिन्हासारखे ठिपके दिसतील. कापड गोल फिरवा, ठिपकेही फिरतात. आता असे हजारो तुकडे, प्रत्येक वेगळ्या कोनात फिरवलेला, एकावर एक आहेत असं समजा. ठिपक्यांची वलयं झाली. ग्रॅफाइटच्या थरात नेमके असेच बारके स्फटिक वाट्टेल त्या दिशेला पडलेले असतात. तिथे प्रकाश, इथे इलेक्ट्रॉन, पण भूमिती तीच.

थांबलेल्या दगडाचा प्रश्न

दर वर्षी एखादी हुशार मुलगी हात वर करते. "मॅडम, वेग शून्य झाला तर संवेग शून्य, मग तरंगलांबी अनंत. टेबलावरचा दगड पसरलेला का दिसत नाही?" प्रश्न चांगला आहे. "मोठ्या वस्तूंना हे लागू नाही" असं सांगून तो झटकू नका, ते खोटं आहे.

दगडही नको, धुळीचा कण घ्या: एक मायक्रोमीटरच्या आसपासचा, वस्तुमान १० चा उणे १२ वा घात ग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. तो "थांबलाय" म्हणजे काय? ३०० केल्विन तापमानाला आजूबाजूचे रेणू त्याला सतत ढकलत असतात, आणि त्या धक्क्यांमुळे त्याचा वेग सेकंदाला साडेतीन मिलिमीटरच्या घरात असतो. एवढ्याशा वेगालाही त्याची तरंगलांबी सुमारे २ गुणिले १० चा उणे १६ वा घात, इतके मीटर. म्हणजे प्रोटॉनच्या आकारापेक्षाही लहान. आता आपला नेहमीचा प्रश्न विचारा: हिच्यासमोर कोणती फट ठेवणार? अणूंच्या ओळी तर हिच्यापेक्षा दहा लाख पट रुंद आहेत. सूत्र धुळीला लागू आहेच, फक्त ते दाखवणारी फट नाही. शिवाय हवेचा प्रत्येक रेणू आपटताना तो कुठे आहे याची चहाडी करत असतो, त्यामुळे व्यतिकरण (तरंग एकमेकांत मिसळून पट्टे उमटणं) टिकायची आशाही उरत नाही.

सीमा मात्र सरकत आलेली आहे. १९३० साली एस्टरमान आणि स्टर्न यांनी हीलियमचे अणू लिथियम फ्लोराइडच्या स्फटिकावरून परतवून विवर्तन (तरंगासारखं ठरावीक कोनांतच जाणं) दाखवलं. १९९९ साली व्हिएन्नात ६० कार्बन अणूंचा फुलरीन रेणू १०० नॅनोमीटरच्या जाळीतून गेला आणि पलीकडे पट्टे उमटले. त्याची तरंगलांबी तुम्ही काढू शकता: वस्तुमान ७२० अणुभार एकक, वेग सेकंदाला २२० मीटर. उत्तर अडीच पिकोमीटर यायला हवं. रेणूच्या स्वतःच्या आकारापेक्षा शेकडो पट लहान! तरंगलांबी म्हणजे वस्तूची रुंदी, असा समज असेल तर तो इथे मोडतो.

जर्नलमध्ये निष्कर्ष लिहिताना

"यावरून प्रत्येक इलेक्ट्रॉन स्वतःशीच व्यतिकरण करतो हे सिद्ध झाले." हे वाक्य दिसलं की माझं लाल पेन बाहेर येतं. वाक्य खरं आहे, पण या नळीने ते दाखवलेलं नाही. हिशेब करा: ०.१ मिलिॲम्पियर म्हणजे सेकंदाला सुमारे सहा लाख अब्ज इलेक्ट्रॉन. चार किलोव्होल्टचा इलेक्ट्रॉन १३५ मिलिमीटर साडेतीन नॅनोसेकंदांत कापतो. म्हणजे कोणत्याही क्षणी ग्रॅफाइट आणि पडदा यांच्यामध्ये वीस लाखांहून जास्त इलेक्ट्रॉन असतात. ते एकमेकांशी काही करत नाहीत, हे या प्रयोगातून कसं कळणार? त्यासाठी झोत इतका विरळ करावा लागतो की एका वेळी एकच इलेक्ट्रॉन वाटेत असेल. १९७० च्या दशकात इटलीत आणि १९८९ साली जपानमध्ये अकिरा तोनोमुरा यांच्या गटाने ते करून दाखवलं. जपानच्या चित्रीकरणात आधी वेडेवाकडे ठिपके पडत जातात, एकेक करून, आणि खूप वेळाने त्यांतूनच पट्टे जमून येतात. तरंग सगळीकडे पसरतो, पण प्रत्येक इलेक्ट्रॉन पडद्यावर एकाच जागी, अख्खा पडतो. वळवळत जाणाऱ्या सापासारखी इलेक्ट्रॉनची वाट जर्नलात काढली असेल तर तीही खोडून टाका. अशी वाट नसते.

तुमचा निष्कर्ष एवढाच: अडीच ते पाच किलोव्होल्टमध्ये वलयांवरून मोजलेली तरंगलांबी डी ब्रॉग्लींच्या सूत्राशी इतक्या टक्क्यांत जुळली, आणि ती व्होल्टेजच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात बदलली. टक्के तुमच्या वाचनांचे लिहा, शेजारच्याचे नकोत.

झालं की आधी उच्च व्होल्टेज शून्यावर, मीटरचा काटा खाली आलेला पाहून मग फिलामेंट बंद, आणि वायरींना हात सर्वांत शेवटी. नोंदवहीत नळी किती मिनिटं चालली ते लिहा. "नळी उत्तम" असं लिहायचं असेल तर वलयं पुन्हा एकदा बघून लिहा.